क्लीनर काढला, आता ड्रायव्हर कुठून येणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात मालवाहतूकदारांचं गाऱ्हाणं छापून आलं होतं. ड्रायव्हर मिळत नाहीत, मिळाले तर टिकत नाहीत, गाड्या उभ्या आहेत आणि बँकेचे हप्ते मात्र चालू आहेत. ते खोटं नाही. मी भोसरीत ज्या पार्किंगला गाडी लावतो तिथे दोन आयशर दिवाळीपासून जागच्या हललेल्या नाहीत. एकीच्या हौद्यात मांजर व्यालं आहे. पण त्याच पार्किंगच्या फाटकावर आठवड्यातून दोन-तीन पोरं लायसन्स घेऊन येतात आणि आल्या पावली परत जातात. त्यांना आत काय विचारलं जातं, ते मला पाठ आहे. म्हणून हे पत्र.

मी चोवीस वर्षांचा, मूळचा बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला. आता एकोणीस फुटी गाडी चालवतो. भोसरीतून प्रेसचे पार्ट भरायचे, चाकण नाहीतर रांजणगावला खाली करायचे आणि रिकामे बिन (पार्ट भरायचे खोके) घेऊन परत यायचं. दिवसाला दोन फेऱ्या, चाकणचा तळेगाव चौक मोकळा असला तर तीन. (तो मोकळा असल्याचं मला दोनदाच आठवतं, त्यातला एक दिवस लक्ष्मीपूजनाचा होता.) रात्री घरी. आमच्यात यालाच लोकल म्हणतात. लाईनच्या, म्हणजे लांब पल्ल्याच्या गाडीवर पैसा जास्त सुटतो, पण वडिलांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं, तेव्हा गुजरात आणि चेन्नईच्या ट्रिपा माझ्या कामाच्या नाहीत.

गावाकडे मी ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर चालवायचो. दोन ट्रॉल्या मागे, कारखान्याच्या यार्डात नंबर लागेपर्यंत रात्र काढायची, सीझन संपला की बेकार. मोठ्या मालवाहू गाडीचं लायसन्स वीस वर्षं पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही, शिवाय हलक्या गाडीचं लायसन्स आधी वर्षभर हातात असावं लागतं. तेवढा थांबलो. मग ड्रायव्हिंग स्कूलला नऊ हजार भरले. स्कूलची गाडी जुनी. एकजण स्टिअरिंगवर, सहाजण मागे दाटीवाटीने. पाच नंबरचा फॉर्म, म्हणजे शिकल्याचा दाखला मिळाला, कारण त्याच्याशिवाय आरटीओत टेस्टला उभं करत नाहीत. पण माझ्या हाताने ती गाडी मोजून चार वेळा हलली असेल. रिव्हर्स एकदाही घेतला नाही. माल भरलेली गाडी तर मी पास होईपर्यंत बाहेरूनच पाहिलेली.

आता हे लायसन्स घेऊन निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत गेलो. टेबलामागचा माणूस मान वर न करता विचारतो, "कुठल्या गाडीवर होता?" ट्रॅक्टरवर, म्हटलं की शेजारचा हसतो. दुसऱ्या ऑफिसात, "तीन वर्षं लाईनवर काढ, मग लोकलला ये." लाईनवाल्यांकडे गेलं की ते म्हणतात, "आधी लोकलला हात साफ कर, घाटात आमची गाडी घालशील." असे चार महिने गेले. एका एजंटने दोन हजार घेतले, एका कंपनीच्या गेटचा पत्ता दिला, आणि त्या गेटवर त्याचं नावही कुणाला माहीत नव्हतं. एसटीच्या चालक भरतीच्या जाहिराती पाहिल्या, तिथेही अवजड वाहनाच्या अनुभवाची अट. पोहता आल्याशिवाय पाण्यात उतरू नको, असा हा न्याय.

शेवटी एका मालकांनी ट्रायल घेतली. मला तोंडावर तरी ते नाही म्हणाले नाहीत. चावी दिली आणि सांगितलं, "तो गाळा दिसतो ना, त्याच्या शटरला पाठ लावून दाखव." आता ट्रॉलीचा हिशोब उलटा असतो. ट्रॉलीची शेपूट डावीकडे न्यायची तर स्टिअरिंग आधी उजवीकडे फिरवावं लागतं. पाच सीझन मी तेच केलेलं, हात आपोआप तसे फिरले. ट्रकचं बूड ज्या बाजूला जायला नको तिकडे गेलं आणि गाळ्यासमोरचा पाण्याचा निळा ड्रम फुटला. मालक खाली वाकून ड्रमकडे बघत राहिले. मला वाटलं, गेली नोकरी. ते म्हणाले, "ट्रॅक्टरवाला आहेस होय? मग क्लीनर म्हणून बस. महिना नऊ हजार. ड्रमचे कापणार नाही."

हेवी लायसन्स खिशात घेऊन मी क्लीनर झालो. (आमच्याकडे किन्नर म्हणतात.) गावात सांगायची लाज वाटत होती, आईला ड्रायव्हर झालो असंच सांगितलं. पण मी जे काही शिकलो ते त्या सात महिन्यांत.

गाडीवर खेड तालुक्यातले एक मामा होते, चाळीस वर्षं स्टिअरिंगवर. पहिले तीन आठवडे त्यांनी मला स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. सकाळी गाडीखाली शिरून ब्रेकच्या हवेच्या टाकीत साचलेलं पाणी काढायचं, तार ओढून धरायची, पाणी थांबून नुसती हवा सुटेपर्यंत. पावसाळ्यात चहाच्या कपभर निघायचं. मग इंजिन चालू करून हवेचा काटा वर येईपर्यंत गप्प बसायचं. हवा कमी असल्याचा बझर वाजत असताना गाडी हलवणाऱ्याला मामा कानाखाली मारायला कमी करत नसत. टामीने (लोखंडी दांड्याने) टायरवर एकेक ठोका. भरलेला टायर टणक वाजतो, बसका टायर गादीसारखा. मागच्या जोडीतला आतला टायर डोळ्यांना दिसत नाही, तो कानानेच तपासायचा.

मग वळण. ट्रॅक्टरवर आपण मागच्या चाकांमध्ये बसतो, पुढची चाकं समोर दिसतात. आयशरमध्ये पुढचं चाक आपल्या बुडाखाली. त्यामुळे मी प्रत्येक वळणावर घाई करायचो आणि मागचं चाक फुटपाथवर चढायचं. मामा म्हणायचे, "अजून नको. समोरच्या दुकानात शिरतोय असं वाटलं की मग फिरव." आणि आरशाबद्दल, "आरशात रस्ता बघू नको, मागचं चाक बघ. चाक नीट गेलं की बाकीची गाडी त्याच्या मागं येते." त्यावर मी म्हटलं, मामा, चाकच मागं आहे. तर म्हणाले, "लई शहाणा आहेस, उतर आणि मागचा फाळका लाव."

चालवण्याइतकंच कागदांचं शिकलो. मालाच्या चलनाच्या किती प्रती, माल पोचल्याचा इनवर्डचा शिक्का कुठल्या प्रतीवर हवा, रिकाम्या बिनचं रिटर्न चलन वेगळं. बिन कमी भरला तर शेवटी ड्रायव्हरच्या गळ्यात येतो, म्हणून भरताना आणि उतरवताना दोन्हीकडे आपण स्वतः मोजायचे. वाटेत गाडी बिघडून माल दुसऱ्या गाडीत टाकला तर ई-वे बिलावरचा (मालासोबतच्या जीएसटीच्या कागदावरचा) गाडी नंबर बदलून घेतल्याशिवाय पुढे निघायचं नाही. कुठल्याही ड्रायव्हिंग स्कूलमध्ये यातलं एक अक्षर सांगितलं जात नाही. रविवारी एमआयडीसीचे रस्ते रिकामे असायचे, तेव्हा मामा रिकाम्या गाडीवर माझ्याकडून रिव्हर्स घोटून घ्यायचे. आठव्या महिन्यात त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि मालकांनी चावी माझ्याकडे दिली. पगार सोळा हजार.

संपादक महोदय, माझं म्हणणं एवढंच आहे, की मी जिथे शिकलो ती जागाच आता उरलेली नाही. माझ्यानंतर आमच्या मालकांनी क्लीनर ठेवला नाही. आजूबाजूच्या कुणीच ठेवलेला नाही. नव्या गाड्यांना पॉवर स्टिअरिंग आहे, माल फोर्कलिफ्टने चढतो, बंद बॉडीला ताडपत्री बांधायची नसते. मग नऊ हजार कशाला घालवा? हिशोबाने बरोबर आहे. पण या धंद्यातले बहुतेक जुने ड्रायव्हर क्लीनर म्हणूनच आत आलेले. ती शाळा ज्यांनी बंद केली, तेच आता शिकलेली पोरं कुठे आहेत म्हणून विचारतात.

आयटीआय झालेला फिटर ॲप्रेंटिस म्हणून कंपनीत जातो. त्याला स्टायपेंड मिळतो, चूक झाली तर सुपरवायझर शिव्या देतो, पण घरी पाठवत नाही. त्याच कंपनीचा माल नेणाऱ्याने मात्र पहिल्या दिवसापासून तीन वर्षांचा जुना असावं. २०२४ मध्ये राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, सहा महिने काम शिका आणि विद्यावेतन घ्या. मी चौकशी केली होती. किमान बारावी लागते. मी दहावी. गंमत अशी, की ट्रकच्या लायसन्ससाठी जी आठवीची अट होती ती केंद्राने २०१९ मध्ये काढून टाकली, कारण काय तर ड्रायव्हर कमी पडतात.

मालकांचीही एक भीती खरी आहे. नव्या पोराने गाडी ठोकली तर विमा मिळणार नाही, असं बरेचजण समजतात. आमच्या मालकांनी मला पॉलिसीचा कागद दाखवला होता. चालवणाऱ्याकडे त्या वर्गाच्या गाडीचं चालू लायसन्स हवं, असं त्यात आहे. किती वर्षं झाली ते कुठेही विचारलेलं नाही. आणि एक गोष्ट तर ऑफिसात बसलेल्या माणसांनाही ठाऊक नसते. गाडीचं एकूण वजन साडेसात हजार किलोच्या आत असेल, तर साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर मालवाहू गाडी चालवता येते. सुप्रीम कोर्टाने हे २०१७ मध्ये सांगितलं आणि ६ नोव्हेंबर २०२४ ला पाच न्यायाधीशांच्या पीठाने तेच कायम केलं. छोटा हत्ती, पिकअप, बऱ्याच चौदा फुटी गाड्या यात बसतात. आरसी बुकावर वजन लिहिलेलं असतं, ते वाचायचं. तरी गेटवर पोरांना "बॅच आहे का?", म्हणजे लायसन्सवर व्यावसायिक वाहनाचा वेगळा शेरा आहे का, म्हणून परत लावतात. हे मला ते चार महिने वाया जायच्या आधी कळलं असतं, तर मी भाजीच्या पिकअपवर बसलो असतो आणि एव्हाना वर वर सरकत आलो असतो. नव्या पोरांना मी हेच सांगतो: पहिल्याच दिवशी दहाचाकीच्या मागे लागू नका. आणि मूळ लायसन्स कुणाकडे ठेवून घेऊ देऊ नका. ते अडकलं की पगार बुडाला तरी माणूस सोडून जाऊ शकत नाही.

अनुभव मिळाला तरी त्याचा कागद मिळत नाही, हे आणखी एक दुखणं. माझ्या पार्किंगमध्ये एक पोरगा आहे, दोन वर्षं पाण्याच्या टँकरवर होता. पगार रोख, हजेरी मालकाच्या डोक्यात. दुसरीकडे गेल्यावर त्याचा अनुभव शून्य. लेटरहेडवर चार ओळी लिहून द्यायला मालकाचे पाच रुपयेसुद्धा जात नाहीत. का देत नाहीत? कागद दिला की पोरगा पळेल. न देताही तो पळालाच.

भोसरीत पुणे-नाशिक रस्त्यावर सीआयआरटीसारखी रस्ते वाहतुकीचं संशोधन आणि प्रशिक्षण करणारी संस्था आहे, वाहतूकदारांच्या संघटना आहेत, रविवारी मोकळे पडणारे कंपन्यांचे यार्ड आहेत. संघटनेने ठरवलं तर दहा गाड्यांमागे एक शिकाऊ माणूस, तीन महिने जुन्या ड्रायव्हरशेजारी आणि निम्म्या पगारावर, एवढं अवघड नाही. शिकवणाऱ्या मामांनाही त्याचे वेगळे दोन हजार द्यावेत; फुकट कुणी का शिकवावं? जानेवारी २०२४ च्या ट्रकचालकांच्या संपानंतर घरोघरी एकच बोलणं आहे, अपघात झाला तर दहा वर्षं आत. अपघात करून न कळवता पळून जाणाऱ्यासाठीचं भारतीय न्याय संहितेचं ते कलम १०६(२) अजून लागू झालेलं नाही, पण आईबापाला एवढं कोण समजावणार? कुणी तीन महिने शेजारी बसवून शिकवतंय म्हटल्यावर निदान पोराला पाठवायला ते तयार होतील.

आमच्या मालकांशी बोललो. ते म्हणाले, "पगार देणार नाही, पण बसव कुणाला बसवायचं तर." तेव्हा गेल्या महिन्यापासून आमच्याच तालुक्यातला एक पोरगा माझ्या शेजारी बसतो. हेवी लायसन्स आहे, ट्रॅक्टरवालाच आहे, हात उलटेच फिरतात. जेवणाचे मी देतो. फक्त चाकणच्या गेटवर अडचण होते. तिथे ड्रायव्हरशिवाय कुणाला आत सोडत नाहीत, आणि रिव्हर्स घेऊन डॉकला, म्हणजे माल उतरवायच्या ओट्याला गाडी लावायची असते, एका दाबात नाहीतर पुढे-मागे करत दोन-तीन दाबांत, ती नेमकी आतच. त्याला मी बाहेर चहाच्या टपरीवर उतरवतो. दीड-दोन तासांनी परत येतो तेव्हा तो रस्त्याकडेला उभा असतो आणि चढता चढता पहिलं विचारतो, "आज किती दाबात लागली?"

आपला,
एक ट्रकचालक वाचक,
भोसरी