अण्णा, त्या पेट्या भंगारात देऊ नका

ती. अण्णा, सौ. आई,
शि.सा. नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही सहज बोलून गेलात की फोटोचं दुकान रिकामं करताना माळ्यावरच्या निगेटिव्हच्या पेट्या भंगारवाल्याला देऊन टाकतो, तेव्हापासून माझं कशात लक्ष नाहीये. फोनवर मला नीट बोलता आलं नाही म्हणून लिहितेय, पूर्ण वाचा आणि मग काय ते ठरवा.

इथे फोर्ट वर्थमध्ये एमन कार्टर म्युझियम आहे, तिकीट नाही, म्हणून रविवारी आम्ही बऱ्याचदा तिथेच असतो. या म्युझियमनेच १९७९ मध्ये रिचर्ड ॲव्हेडॉनला काम दिलं की अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या लोकांचे पोर्ट्रेट काढ. तोवर हा न्यूयॉर्कचा, फॅशन मासिकांतला मोठा माणूस, मेरिलिन मन्रोचे वगैरे फोटो काढलेला. आणि १९८४ पर्यंत दर उन्हाळ्यात फिरून त्याने फोटो कुणाचे काढले, तर खाणकामगार, ट्रक ड्रायव्हर, हॉटेलात वाढणाऱ्या बाया, तेलाच्या विहिरींवरची पोरं. ७५२ माणसं आणि १७ हजारांच्या आसपास फिल्म! आणि फिल्म म्हणजे रोल नाही हं अण्णा, ८ बाय १० इंचाची एकेक शीट, लाकडी कॅमेरा, तुमच्या गुरुजींकडे होता तसा काळ्या कापडाचा.

त्याचं पुस्तक मी लायब्ररीतून आणलंय, मांडीवर मावत नाही, डायनिंग टेबलवर पसरूनच बघावं लागतं. कोळशाच्या खाणीतला एक माणूस आहे, तोंड काळंठिक्कर आणि मागे सगळं पांढरं. मागे डोंगर नाही खाण नाही काही नाही, भिंतीवर नाहीतर ट्रकला पांढरा कागद लावायचा, तोही सावलीत, म्हणजे तोंडावर ऊन-सावलीचे पट्टे येत नाहीत, आणि स्वतः कॅमेऱ्याच्या मागे न राहता शेजारी उभं राहून माणसाकडे बघत शटर दाबायचं. प्रिंटला निगेटिव्हची काळी कडासुद्धा तशीच ठेवलीय, काही कापलेलं नाही. काहींनी तेव्हा टीका केली की यात गरिबांचं प्रदर्शन मांडलंय. मला बघताना तसं वाटलं नाही, ती माणसं आपल्याकडे मान वर करून बघतायत.

आणि मला रडू कशाने आलं सांगू का. हा ॲव्हेडॉन १९४२ मध्ये व्यापारी जहाजांच्या दलात भरती झाला, निघताना वडिलांनी त्याला रोलायफ्लेक्स कॅमेरा दिला होता, आणि तिथे त्याचं काम काय तर खलाशांचे ओळखपत्राचे फोटो! एकामागे एक नुसते चेहरे. पुढे तेच वडील कॅन्सरने आजारी पडले तेव्हा त्याने त्यांचे फोटो काढत काढत शेवटपर्यंत साथ केली.

तुम्ही नेहमी म्हणता, मी काय, पासपोर्ट फोटोवाला. अण्णा, सांगलीत हरभट रोडच्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत पांढरी चादर, दोन दिवे, आरशाला दोरीने बांधलेला कंगवा, पावडरचा डबा, आणि खुंटीला तो काळा कोट. कवठेमहांकाळचा माणूस असो की जतचा, नोकरीच्या फॉर्मला फोटो म्हटलं की तोच कोट, बारीक माणसाला तुम्ही मागून क्लिपा लावून बसवायचा. पुढून साहेब, मागून क्लिपा. "हनुवटी जरा खाली, हां, श्वास सोडा" म्हणायचात आणि श्वास सोडला की क्लिक. रात्री टोकदार पेन्सिलीने निगेटिव्हवरचे डाग भरत बसायचात. त्यातल्या कितीतरी लोकांचा आयुष्यातला तेवढा एकच फोटो असेल.

२०१९ च्या पुरात खालच्या रॅकमधलं सगळं गेलं, चिकटून लगदा झालेला मी बघितलाय. माळ्यावरचं तेवढं वाचलंय, आणि तेच आता किलोवर घालायचं?

मी दिवाळीत येतेय, निगेटिव्हचा स्कॅनर घेऊन येते. तोवर पेट्या घरी आणून वरच्या खोलीत ठेवा, ओल नसलेल्या भिंतीला. पाकिटांवर तुम्ही पेन्सिलीने तारीख आणि गाव लिहिलंय ते पुसू देऊ नका. आई, तू लक्ष ठेव, यांचा काही भरवसा नाही.

आणि तो कोट पण कुणाला देऊ नका.

तुमची,
सुमी