पाचव्या पिचरची पाळी

सांगली,
१८ ऑगस्ट

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझा परवाचा निरोप मिळाला. बेसबॉलच्या व्हिडिओ गेममध्ये आपण दोघे मिळून चालवतो त्या संघाचे शेवटचे ३० सामने उरले आहेत, पहिल्या क्रमांकाच्या संघापेक्षा आपण दोन सामन्यांनी मागे आहोत आणि म्हणून पाचव्या स्टार्टिंग पिचरला (सामन्याची सुरुवात करणाऱ्या चेंडूफेक्याला) बसवून उरलेला सगळा सीझन चौघांवर काढावा, असे तू लिहिले आहेस. फोनवर या विषयाला हात घातला की पाच मिनिटांत आपले दोघांचेही आवाज चढतात, आणि या वेळी मला माझे म्हणणे नीट मांडायचे आहे, म्हणून दुपारची उसंत मिळताच कागद पुढे घेतला.

आधी तुझाच हिशेब घेऊ. पाच जणांना ओळीने खेळवले, तर ३० सामन्यांत प्रत्येकाच्या वाट्याला सहा सामने येतात. चौघांवर काढले तर आपल्या पहिल्या पिचरला आठ मिळतात. हे दोन जादा सामने तुला दिसतात, आणि ते खरेच मोलाचे आहेत. परंतु त्यांची किंमत उरलेल्या सामन्यांतून चुकती करावी लागते, कारण सुट्टीचा दिवस मध्ये आला नाही तर तो प्रत्येक वेळी चारऐवजी तीनच दिवसांच्या विश्रांतीवर मैदानात उतरणार. आपल्या गेममध्ये शंभर पिच, म्हणजे चेंडू, टाकलेल्या पिचरची थकव्याची पट्टी तीन दिवसांत जवळजवळ भरते, आणि त्या ‘जवळजवळ’मध्येच सगळा घोटाळा आहे. पहिल्या फेरीला उणीव थोडी असते, दुसऱ्या फेरीला तो त्या उणिवेवरूनच सुरुवात करतो, आणि तिसऱ्या फेरीला नऊपैकी पाचव्या इनिंगमध्येच (डावातच) त्याचा चेंडू मार खाऊ लागतो. तुमच्या तासगावच्या बागेत हे तू माझ्याहून जास्त पाहिले आहेस. वेलीवर घड जास्त राखले तर त्या वर्षी माल भरपूर दिसतो आणि पुढच्या वर्षी काडीच कमजोर निघते.

गेल्या सीझनची गोष्ट मी अजून विसरलेलो नाही. आपण आठ धावांनी पुढे होतो, सामना हातात होता, तरीही पिचरला बदलायचे राहून गेले आणि त्याने १२० पिच टाकल्या. त्यानंतर लगेच आपण त्याला तीन दिवसांवर उतरवले, आणि दोन आठवड्यांत कोपराच्या दुखापतीची सूचना पडद्यावर आली. खऱ्या खेळात या दुखापतीवर डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ मध्ये टॉमी जॉन या पिचरवर पहिल्यांदा शस्त्रक्रिया केली, तेव्हा तो १९७६ मध्ये मैदानात परतला. आजही अशा शस्त्रक्रियेनंतर वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ पिचर बाहेर राहतो, आणि आपल्या खेळानेही आपल्याला तोच नियम लावला. ती चूक दोघांची होती, पण बदलाचे बटण त्या रात्री माझ्या हाती होते, म्हणून ती मला जास्त लागली.

१९७१ च्या बाल्टिमोर ओरिओल्स या अमेरिकन संघाचा दाखला तू दिला आहेस. पामर, मॅकनॅली, क्युएलार आणि डॉबसन या चौघांनी त्या वर्षी प्रत्येकी २० किंवा त्याहून अधिक सामने जिंकले, हे खरे आहे. परंतु तो काळ चार पिचरांच्या रोटेशनचाच, म्हणजे चौघांनी आळीपाळीने सुरुवात करण्याचाच होता. त्यांचे हात वर्षानुवर्षे त्याच पाळीला सरावलेले होते, आणि तरीही वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची मालिका, मात्र पिट्सबर्गने सातव्या सामन्यात नेली. १९७२ मध्ये विल्बर वुडने ४९ सामन्यांत सुरुवात केली, पण तो नकलबॉल हा संथ चेंडू टाकणारा होता आणि त्या चेंडूला वेगासाठी हात पिळवटावा लागत नाही. आपल्याकडे तसा एकही पिचर नाही. पाच महिने पाच जणांच्या पाळीवर चाललेल्या संघाला शेवटच्या महिन्यात अचानक चौघांवर आणणे ही निराळीच गोष्ट आहे.

रोटेशनला मी मनातल्या मनात पाळीच म्हणतो. म्हैसाळ योजनेचे आवर्तन सुटले की कोणाच्या रानाला पाणी कधी, हे ठरलेले असते; एखाद्याने रात्री दार उघडून आपली पाळी पुढे ओढली तर त्याचे रान भिजते, पण टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, माणसाचा दिवस जातो. आपल्या संघात टेलला बुलपेन आहे, म्हणजे स्टार्टरच्या मागाहून येणारे रिलीव्हर पिचर. थकलेले चार स्टार्टर पाचव्या इनिंगला बाहेर येऊ लागले, की रोज चार-चार इनिंग रिलीव्हरांवर पडतील, आणि चुरशीच्या सामन्यात आठव्या इनिंगला देण्यासाठी ताज्या हाताचा माणूसच उरणार नाही.

आता त्या पाचव्या पिचरविषयी. खेळाडू निवडताना शेवटच्या फेरीत कोणी घेत नव्हते म्हणून आपण त्याला घेतले, आणि त्याच्याविषयी मला माया आहे हे मी लपवत नाही. परंतु माझा मुद्दा मायेचा नाही. त्याच्या सामन्यांच्या नोंदी मी काल रात्री एकेक करून पाहिल्या. तो नऊ फलंदाजांची रांग दोनदा चांगली काढतो. त्याला मार बसतो तो तिसऱ्या फेरीत, म्हणजे एकोणिसाव्या फलंदाजापासून. तिसऱ्यांदा समोर आलेला फलंदाज पिचरला अधिक ओळखतो, हे बेसबॉलमध्ये सर्वमान्य आहे आणि चांगल्या पिचरांनाही ते चुकत नाही. याच्याकडे चेंडूचे प्रकार दोनच असल्यामुळे याला ते फार जाचते. टॅम्पा बे या संघाने २०१८ मध्ये पहिल्या इनिंगला रिलीव्हर उतरवून खरा स्टार्टर मागाहून आणायला सुरुवात केली, ती याच कारणासाठी. आपण एवढे करण्याची गरज नाही. अठरा फलंदाज झाले की त्याला काढायचे आणि लांब टाकणारा रिलीव्हर आणायचा, एवढी सूचना लिहून ठेवली तरी पुरे.

आणि हा माझा तक्ता. सेटिंगमध्ये ‘क्रमाने’ऐवजी ‘ज्याची विश्रांती पूर्ण त्याला’ हा पर्याय ठेवायचा. उरलेल्या काळात सुट्टीचे तीन दिवस आहेत, त्यांतले दोन पहिल्या नऊ सामन्यांत येतात. त्या दोन्ही वेळी पाचव्याला वगळायचे, म्हणजे पहिला पिचर पूर्ण चार दिवस विश्रांती घेऊनही १, ५ आणि ९ व्या सामन्यात येतो. इथपर्यंत तुझा आणि माझा तक्ता एकच आहे! त्यापुढे तो १४, १९ आणि २४ व्या सामन्यात येईल. तिसरी सुट्टी शेवटच्या मालिकेच्या आधी आहे. तेव्हा पाचव्याला पुन्हा वगळले की २८ व्या सामन्यात, म्हणजे पहिल्या क्रमांकाच्या संघाविरुद्धच्या मालिकेच्या पहिल्याच दिवशी, आपला पहिला पिचर ताज्या हाताने उभा राहील आणि त्याच्यामागे दुसरा व तिसरा येतील. त्याचे सात सामने होतात. तुझ्या तक्त्यात आठ होते. पाचव्याच्या वाट्याला फक्त १३, १८ आणि २३ वा सामना येतो, आणि तिन्ही सामने तळाच्या संघांशी आहेत. त्या एका जादा सामन्यासाठी चार हात पणाला लावायला माझे मन तयार होत नाही.

तेरावा सामना येईपर्यंत आपल्या दोघांचा तक्ता एकच आहे, म्हणून तोपर्यंत पाचव्याला यादीतून काढू नकोस, एवढी विनंती आहे. तू रविवारी येणार असशील तर नोंदींची वही काढून ठेवतो. त्या १८ फलंदाजांच्या मर्यादेबद्दल तुझे मत मला हवेच आहे, कारण लांब टाकणारा रिलीव्हर कोणता निवडायचा हे माझे अजून ठरलेले नाही. डावखुरा मला बरा वाटतो, पण त्याला सलग दोन दिवस झेपत नाही.

काका-काकूंना माझा नमस्कार सांग.

तुझा,
सांगलीचा मित्र