आधी माणसे नेमा, मग संकेतस्थळ

मा. संपादक,

सोलापूरचा खुला ऑनलाइन ज्ञानकोश व्हावा, असे आमच्या वाचनालयातली तरुण मंडळी म्हणतात. जरूर व्हावा. पण संकेतस्थळ दोन दिवसांत उभे राहते, नोंदी तपासणारा माणूस मिळत नाही. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड काढले ते आधी कंपनी स्थापून, भागभांडवल जमवून. नुसत्या उत्साहावर नव्हे.

निदान एक पूर्णवेळ संपादक पगारावर हवाच. लिहिणारे स्वयंसेवक असोत. शहराच्या पूर्वभागात तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडे कन्नड, शिवाय शहरात उर्दू. या भाषांचे जाणकार सुरुवातीपासून घ्या. जेकार्डवर, म्हणजे मागावरच्या नक्षी विणणाऱ्या यंत्रणेवर, चादरीची नक्षी कशी उतरते, हे विणकराच्या तोंडूनच टिपून घ्यावे लागेल, आणि त्या वेळेचे मानधन त्याला द्यावे. मागावरून उठला की त्याची मजुरी बुडते!

सोलापुरातला १९३० चा मार्शल लॉ (लष्करी कायदा), १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेले चार हुतात्मे, यांवर प्रत्येक वाक्याला आधार हवा. त्यासाठी जुनी वर्तमानपत्रे स्कॅन करायला यंत्र घ्या. पहिली देणगी त्यावरच खर्च व्हावी. माझ्यापुरते सांगतो, मुद्रितशोधनाला रोज दोन तास विनामोबदला देईन.

– एक निवृत्त ग्रंथपाल, सोलापूर