सूचना: ब्रिटिश चित्रपट लावण्याआधी

सर्व सभासदांनी ‘द थर्ड मॅन’ (१९४९) लावण्याआधी लांबी तपासावी. १०४ मिनिटांचाच हवा. अमेरिकेसाठी ११ मिनिटं कापली गेली आणि सुरुवातीचं निवेदनही बदललं: दिग्दर्शक कॅरल रीडऐवजी नायक जोसेफ कॉटनचा आवाज. व्हिएन्नाच्या भुयारी गटारांतला पाठलाग दिवे मालवूनच बघा. उजेडात ओल्या भिंतींवरच्या सावल्या पार विरून जातात.

केन लोचच्या ‘केस’मधली (१९६९) उत्तर इंग्लंडमधल्या बार्न्सलीची बोली कानाला जड जाते, सबटायटल्स आधीच सुरू करा. विनोदी हवा तर ‘काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स’ (१९४९): ॲलेक गिनेस एकाच घराण्यातल्या आठ भूमिकांत! प्रेमकथेसाठी डेव्हिड लीनचा ‘ब्रीफ एन्काउंटर’ (१९४५), जेमतेम दीड तासाचा. भयपट ‘द विकर मॅन’ १९७३चाच. २००६चा रिमेक चुकून लावू नका.