थंडीतल्या ट्रॅकसाठी टायर निवडताना

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळी उलटली की आमच्या इंदूरमधले मोटारसायकलवेडे तरुण ग्रेटर नोएडाच्या बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किटवर जाण्याचे बेत आखू लागतात. पीथमपूरचा 11.3 किलोमीटरचा वेगपथ घराजवळ असला तरी तो वाहनांच्या चाचणीसाठी आहे. जाण्याआधी टायर घेताना बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: "सगळ्यात मऊ कंपाउंड (रबराचे मिश्रण) कुठले?" या प्रश्नानेच मीही एकदा फसलो होतो, म्हणून हे पत्र.

मऊ रबर थंडीत लवकर पकड धरते, ही समजूत रस्त्यावरच्या टायरांपुरती बरीचशी खरी आहे. शर्यतीच्या टायरांचे गणित वेगळे असते. तिथे प्रत्येक रबर विशिष्ट तापमानाच्या पट्ट्यात काम करण्यासाठी बनवलेले असते, आणि काही मऊ रबरे तर मुद्दाम तापलेल्या डांबरासाठी असतात. पिरेली कंपनीचे मागच्या चाकाचे एससी0 हे त्यांपैकीच. अशा टायरचा आतला सांगाडा थंड आणि वरचा थर मात्र घासून तापलेला, अशी स्थिती झाली की रबर सोलून निघते. याला कोल्ड टिअरिंग म्हणतात. कंपनीगणिक नावे आणि पट्टे बदलतात, म्हणून 'सॉफ्ट' या शब्दावर न विसंबता कंपनीचा तापमानाचा तक्ता पाहावा.

दुसरा मुद्दा वॉर्मरचा, म्हणजे टायरला गुंडाळून तो तापवणाऱ्या विजेच्या पट्ट्यांचा. स्लिक, म्हणजे खाचा नसलेले शर्यतीचे टायर ट्रॅकवर उतरण्यापूर्वी तासभर सुमारे 80 अंशांपर्यंत तापवावे लागतात. ज्याच्याकडे वॉर्मर नाहीत, जनरेटर नाही आणि जो स्वतःच्याच गाडीने ट्रॅकवर जातो, त्याने स्लिकच्या वाटेला जाऊ नये. भरपूर सिलिका (थंड रस्त्यावरही पकड देणारा घटक) असलेले, रस्त्यावरही चालणारे स्पोर्ट टायर त्याला जानेवारीच्या सकाळी जास्त सुरक्षित ठेवतील. मी हे ऐकले नव्हते. दुकानदाराने दिलेले वापरलेले स्लिक चढवले आणि दुसऱ्याच लॅपमध्ये एका डाव्या वळणावर पुढचे चाक निसटून पडलो. घड्याळाच्या दिशेने धावणाऱ्या ट्रॅकवर उजवी वळणे जास्त असतात, त्यामुळे टायरची डावी बाजू थंडच राहते, हे मला खांदा प्लास्टरमध्ये असताना कळले. व्यावसायिकांनाही हे चुकत नाही: 2014 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या फिलिप आयलंडला मोटोजीपीच्या शर्यतीत, उत्तरार्धात गारठा वाढत असताना, आघाडीवर असलेला मार्क मार्केझ असाच पडला होता.

हवेच्या दाबाकडे तर फारच थोडे लक्ष दिले जाते. इंदुरात दुपारी 25 अंशांत 30 पीएसआय भरलेला टायर पहाटेच्या 8 अंशांत साधारण अडीच पीएसआयने खाली येतो. तोच टायर धावून 50 अंशांवर गेला की दाब 33-34 पर्यंत चढतो. त्यामुळे घरी भरलेल्या हवेवर भरवसा न ठेवता तिथे पोचल्यावर थंड दाब मोजावा आणि प्रत्येक सत्रानंतर लगेच गरम दाबही पाहावा. गाडी नागमोडी चालवून टायर तापतो ही समजूतही सोडून द्यावी. सांगाडा दबतो-सुटतो तेव्हाच टायर आतून तापतो, आणि त्यासाठी सरळ रेषेत हळूहळू वाढवत नेलेले ब्रेक आणि वेग हाच खरा उपाय आहे. पहिल्या दोन-तीन लॅप त्यासाठीच द्याव्यात.

टायर विक्रेत्यांना माझी विनंती आहे की गिऱ्हाइकाला बजेट विचारण्याआधी वॉर्मर आहेत का, हे विचारावे. ट्रॅक डेच्या (हौशी चालकांसाठी ट्रॅक खुला ठेवलेल्या दिवसाच्या) आयोजकांनी हिवाळ्यात दर सत्राआधी डांबराचे तापमान फलकावर लिहावे. इन्फ्रारेड तापमापक फार महाग मिळत नाही, आणि हवेचे तापमान सांगून भागत नाही, कारण उन्हात डांबर तापते आणि धुक्यात ते गारच राहते.

आपला विश्वासू,
एक मोटारसायकलस्वार
रामबाग, इंदूर