नळामागच्या ताईंना

ताई,

बिअरचे रिकामे केग, म्हणजे पिंपं, धुऊन झाले, हिशेब मिटला, पण तुमचे आभार मानायचे राहून गेले. ते चारचौघांसमोर मानायचे आहेत, म्हणून हे उघड पत्र.

तुमच्या रेस्टॉरंटने एका रात्रीपुरते बिअरचे सगळे नळ आमच्या छोट्या ब्रुअरीला दिले. हा धंदा जवळून न पाहिलेल्याला यात विशेष काही वाटणार नाही. पण बिअर आमच्या टाकीतून निघते तेव्हा निम्मंच काम झालेलं असतं. केग कुठे ठेवला, केगपासून नळापर्यंतची नळी कधी धुतली, ग्लास कसा विसळला, यावर उरलेलं ठरतं, आणि ते सगळं दुसऱ्याच्या हातात असतं.

ते हात कसे असू शकतात, तेही आम्ही पाहिलंय. एका नावाजलेल्या जागी असाच कार्यक्रम ठरला होता. तिथे आमचे केग स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून, उकाड्यात ठेवले होते. नळ्या कधी धुतल्या होत्या, हे कुणालाच सांगता आलं नाही. न धुतलेल्या नळीत जंतू वाढतात, त्यातले काही बिअरला लोण्याचा वास आणतात, काही व्हिनेगरसारखा आंबटपणा. आमच्या लागरला, म्हणजे थंडीत मुरवलेल्या बिअरला, त्या रात्री खवट लोण्याचा वास येत होता. मी मॅनेजरला सांगायला गेलो, तर उत्तर मिळालं, "तुमची बिअरच तशी असेल." पाहुण्यांनी एक घोट घेऊन तोंड वाकडं केलं आणि कार्डावरचं आमचं नाव पुन्हा वाचलं. घाण त्यांच्या नळीतली, बदनामी आमची. माझ्याबरोबर आलेला, केग धुणारा आमचा पोरगा परतताना एक शब्द बोलला नाही. त्या रात्रीचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही आणि तो लपवावा असंही वाटत नाही.

म्हणून तुमच्याकडे आलो तेव्हा पोटात गोळा होता. आत पाऊल टाकलं तर तुम्ही बाह्या सरसावून नळाचे सुटे भाग ब्रशने घासत होतात. नळ्यांतून कॉस्टिकचं, म्हणजे घाण काढणाऱ्या तीव्र क्षाराचं, द्रावण फिरवून झालं होतं, आता साधं पाणी सोडणं चाललं होतं. ओल्या ग्लासात मीठ भुरभुरून तुम्ही तो उजेडात धरलात. जिथे मीठ चिकटलं नाही तिथे तेलकटपणा आहे, म्हणून तो ग्लास पुन्हा धुवायला गेला. तेलाचा पुसटसा अंशही फेस बसवून टाकतो, हे मी लोकांना किती वेळा समजावलं असेल! तुम्हाला सांगावं लागलं नाही.

पण हे पत्र मी लिहितोय ते त्यानंतर जे घडलं त्यासाठी. दार उघडायच्या आधी तुम्ही पहिल्या नळातून घोटभर लागर काढलीत, हुंगलीत आणि स्वतः चाखण्याआधी ग्लास माझ्यापुढे धरलात. "टाकीतून निघाली तेव्हा अशीच होती ना?"

अशीच होती, ताई. माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, हलका गोडवा, शेवटी हॉप्सच्या फुलांचा कोरडा कडवटपणा, आणि मधे दुसरं काही नाही. शून्याच्या आसपासच्या थंडीत आम्ही तिला आठवडेच्या आठवडे मुरू दिलं होतं ते ह्याच चवीसाठी. मला 'हो' म्हणायलाही वेळ लागला. हा प्रश्न आजवर कुणी विचारलाच नव्हता. किती खपेल, किती सूट द्याल, हे सगळे विचारतात. पुढे आयपीएच्या, म्हणजे जास्त हॉप्सच्या बिअरच्या, ग्लासाला मी जरा घुटमळलो, फेस जास्त येत होता. तुम्ही वाद घातला नाहीत. गॅसचा दाब थोडा कमी केलात, थांबलात, दुसरा ग्लास भरलात आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलंत.

रात्र छान झाली, त्याबद्दल फार लिहीत नाही. स्टाउट, म्हणजे काळी बिअर, तुम्ही आधीच गारठ्यातून बाहेर काढून ठेवली होतीत, 10 ते 13 अंशांना ती खुलते म्हणून. गव्हाची बिअर गढूळ दिसते, खराब झालीय, असं म्हणत एकांनी ग्लास परत पाठवला. तुम्ही तो ओतून टाकला नाहीत. त्यांच्या टेबलापाशी जाऊन सांगितलंत की हा गढूळपणा यीस्टचा आणि गव्हातल्या प्रथिनांचा आहे, आणि केळ्या-लवंगेचा जो वास येतोय तो कुणी वरून घातलेला नाही, यीस्टनेच तयार केलाय. तेवढ्यावर न थांबता आमच्या केग धुणाऱ्या पोराला हाक मारलीत आणि म्हणालात, "हे यांच्या हातचं आहे, विचारा त्यांना." तो काय बोलला ते मला ऐकू आलं नाही, पण त्या गृहस्थांनी ग्लास संपवला आणि आणखी एक मागवला.

दुसऱ्याच्या कष्टाला आपल्या हातून धक्का लागू नये, एवढी काळजी वाहणारी माणसं असतात. बहुतेकदा त्यांची नावं कार्डावर नसतात. मालाची जाहिरात कुणीही करतं, पण नळी कुणी धुतली हे कुणी छापत नाही. ती धुणारं माणूस सचोटीचं असेल तरच आमच्यासारख्यांचं नाव टिकतं, हे मला त्या रात्री नीट उमगलं.

एक मागणं आहे. बारच्या मागे, भिंतीवर तुम्ही नळ्या धुण्याचा तक्ता लावलाय, दर दोन आठवड्यांच्या तारखांचा आणि सह्यांचा. त्याचा एक फोटो पाठवाल का? यापुढे आमचा केग जिथे जाईल तिथे आधी तसा तक्ता लागेल, ही अट आम्ही घालणार आहोत. कुणी कुरकुर केली, तर तुमचाच तक्ता दाखवू.

तुमचा,
ब्रुअर