जिवंत पेशीला हात लावताना

चि. लेकीस अनेक आशीर्वाद.

आता तू जिवंत पेशींवर एएफएम, म्हणजे सुईने चाचपणारा ॲटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप, चालवणार, हे वाचून फार आनंद झाला. माझी उमेदीची वर्षं याच यंत्रापाशी गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

बिनिग, क्वेट आणि गर्बर यांनी १९८६ साली हे यंत्र पुढे आणलं. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली न्यायची तर पेशी एरवी आधी मारावी लागते. इथे ती ३७ अंशांच्या द्रवात जगत असते आणि आपण तिला चाचपतो. सुई टेकली की कँटिलिव्हर, म्हणजे सुई जिच्या टोकाला असते ती बारीक पट्टी, किंचित वाकतो, त्याच्या पाठीवरून परतणारा लेझर डिटेक्टरवर सरकतो आणि त्यावरून बल कळतं. नॅनोन्यूटनसुद्धा इथे पुष्कळ झाला.

कँटिलिव्हर मऊच घे, मीटरला ०.०१ ते ०.१ न्यूटनच्या आसपासचा, आणि त्याचं कॅलिब्रेशन स्वतः कर. पाकिटावरच्या आकड्यावर विसंबू नकोस. अख्ख्या पेशीचा मऊपणा हवा असेल तर टोकदार सुईपेक्षा काही मायक्रॉनचा गोल मणी बरा. सुई एखाद्या ॲक्टिनच्या (पेशीच्या सांगाड्यातल्या प्रथिनाच्या) दोऱ्यावर पडली तर तेवढ्याच जागेचं उत्तर देते. दाबाची खोली पेशीच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाआत ठेव. कडेला पेशी इतकी पातळ असते की खालची काच हाताला लागते आणि पेशी उगाच कडक ठरते.

कडकपणाचा आकडा हर्ट्झच्या १८८२च्या सूत्रातून येईल. ते सूत्र एकजिनसी, निव्वळ स्थितिस्थापक पदार्थासाठी आहे. पेशी तशी नाही. भरभर दाबलीस तर ती जास्त कडक भासते. म्हणून वेग, खोली आणि टोकाचा आकार वहीत लिहिल्याशिवाय नुसता किलोपास्कलचा आकडा कुणाला सांगू नकोस. या बाबतीत मी हट्टी आहे. २००७ साली रुग्णांच्या फुप्फुसाभोवतालच्या वगैरे द्रवांतल्या कर्करोगपेशी निरोगी पेशींपेक्षा ७० टक्क्यांहून अधिक मऊ आढळल्या. असा फरक खरा की मोजणीतला, हे त्या नोंदींवरूनच ठरतं.

आणि बलाच्या आलेखात सुई मागे येतानाची रेषाही बघत जा. ती शून्याच्या खाली जाते आणि पायरीपायरीने वर येते. एकेक पायरी म्हणजे पेशीने सुईला धरलेला एकेक बंध सुटणं. पुष्कळजण ती बघतच नाहीत.

पहिले आलेख मिळाले की जाण्याच्या आणि येण्याच्या दोन्ही रेषांसकट पाठव.

तुझी,
आई